चोरखिसा

चोरखिसा हा शब्द मराठीत ज्याने कोणी रूढ केला, त्याने शिंप्याच्या गिऱ्हाइकांवर अन्याय केला आहे. चोर कधी चोरखिसा शिवून घ्यायला येत नाही. येतो तो चोराला भिणारा. त्र्यंबकेश्वरी कुशावर्ताच्या वाटेवर आमच्या वडिलांचे, म्हणजे अण्णांचे, शिवणकामाचे दुकान होते आणि तिथे वर्षाकाठी जितके चोरखिसे शिवले जात तितके नाशकाच्या मेन रोडवरही शिवले जात नसतील. कारण उघड आहे. क्षेत्राच्या ठिकाणी माणूस पैसे घेऊन येतो, ते कुणाला दिसू नयेत असे त्याला वाटते, आणि आल्याबरोबर पहिले काम काय, तर कपडे काढून कुंडात उतरणे! पायरीवर ठेवलेल्या सदऱ्याकडे एक डोळा ठेवून संकल्प सोडणारी माणसे मी लहानपणी इतकी पाहिली आहेत की, पितरांना त्यांतले किती पोचत असेल याची मला शंकाच आहे.

जुन्या लोकांना ही अडचण नव्हती. पैसे कनवटीला, आणि रक्कम मोठी असली तर कमरेला बांधलेल्या कशात. कसा म्हणजे कापडाची लांबट पोकळ पिशवी. रुपये एकामागून एक आत सरकवायचे आणि धोतराखाली पोटाभोवती गुंडाळायचे. बायकांची सोय नऊवारीच्या ओच्यात होती. मग धोतर गेले, लेंगे आणि विजारी आल्या आणि कनवटीचे काम शिंप्याच्या गळ्यात पडले. बंडीच्या आत बगलेखाली, विजारीच्या पट्ट्याच्या आतल्या अंगाला, क्वचित टोपीच्या अस्तरात अण्णा खिसा बेमालूम बसवीत. बेमालूम हा त्यांचा आवडता शब्द. ‘खिसा दिसला नाही म्हणजे झाले नाही,’ ते म्हणत, ‘खिशातला ऐवज दिसता कामा नये.’ या दोन गोष्टी निराळ्या आहेत हे मला पुष्कळ उशिरा कळले, आणि कळले ते एका पिस्तुलामुळे.

इथे जरा थांबून एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती आमच्या गावची आहे. वस्त्र आणि लपवाछपवी यांचा संबंध त्र्यंबकाइतका उलटासुलटा दुसरीकडे कुठे पाहायला मिळत नाही. देवळाच्या गाभाऱ्यात जायचे तर पुरुषाने उघड्या अंगाने, सोवळे नेसून जायचे. खिसा नाही, अस्तनी नाही, अस्तर नाही. देवापुढे माणूस रिकामा जातो. निदान शिंप्याच्या दृष्टीने तरी. आणि बारा वर्षांनी सिंहस्थ आला की याच गावात नागा साधूंचे आखाडे येतात. त्यांच्या अंगावर भस्मापलीकडे काही नसते, आणि हातात त्रिशूळ, भाले, तलवारी असतात. पेशवाईत शैव आणि वैष्णव साधूंमध्ये स्नानाच्या मानावरून तुंबळ रक्तपात झाला आणि तेव्हापासून शैवांनी त्र्यंबकला कुशावर्तात आणि वैष्णवांनी नाशकास रामकुंडात स्नान करावे अशी वाटणी झाली, ही हकिकत इकडे पोरासोरांनाही ठाऊक असते. सांगायचे ते इतकेच की, ज्याच्या अंगावर सूतही नाही तो शस्त्र उघड मिरवतो. ते लपवायची गरज पडते ती आपल्यासारख्या कपडेवाल्यांना.

साधारण १९६२ची दिवाळी. अण्णांकडे एक जंगलाचा ठेकेदार आला. मोखाडा-जव्हारकडे उतरणाऱ्या रानात तो पूर्वी कूप घेई. जंगल कामगारांच्या सहकारी संस्था १९४७पासून निघू लागल्या आणि ठेकेदारांचे पहिले दिवस संपत चालले होते; तरी या गृहस्थाचा व्यवहार अजून चालू होता. बाजाराच्या दिवशी मजुरी रोख वाटायची, म्हणजे आदल्या संध्याकाळी पैसे घेऊन घाट उतरायचा. त्याला सरकारने रिव्हॉल्व्हरचा परवाना दिला होता. तो कागद त्याने आपण होऊन अण्णांपुढे ठेवला आणि म्हणाला,

“मास्तर, ही वस्तू अंगावर आहे हे कळता कामा नये. पट्ट्याला लटकावून हिंडलो तर रानातली माणसे जवळ येत नाहीत, आणि जी यायला नकोत ती मात्र येतात. असा कोट शिवा की, पाहणाऱ्याला वाटावे, शेठ पेढीवर चाललेत.”

अण्णांनी वस्तूला हात लावला नाही. त्यांनी विचारले, “वजन किती, शेठ?”

मला हा प्रश्न तेव्हा विचित्र वाटला. कुणीही लांबी विचारली असती. पण लांबी-रुंदी कापडाखाली मावते. वजन मावत नाही. ते कापडाला खाली ओढते, खांदा उतरतो, बटणपट्टी वाकडी होते, आणि समोरचा माणूस काय बिघडले हे सांगू शकला नाही तरी काहीतरी बिघडले आहे एवढे त्याच्या ध्यानात येते. ठेकेदाराने भरल्या वस्तूचे वजन पाऊण शेर सांगितले. किलोची वजने नुकतीच सक्तीची झाली होती. अण्णांनी शेजारच्या वाण्याकडून अर्ध्या किलोचे एक आणि शंभर-दोनशे ग्रॅमची काही अशी वजने मागून आणली, ती एका फडक्यात लांबट बांधली आणि पंधरा दिवस आमच्या घरात त्या गाठोड्याचा संसार सुरू झाला.

त्या कोटावर अण्णांनी जितकी बुद्धी खर्च केली तितकी त्यांनी कुणा नवरदेवाच्या कोटावर केली नसेल. प्रथम कापड. टेरिलीनची तेव्हा नवी नवलाई होती, पण ते अंगाला चिकटते आणि आतल्या वस्तूची कड न् कड सांगते, म्हणून ते बाद. रेघांचे कापडही बाद, कारण फुगवट्यावर रेघ वाकते आणि वाकलेली रेघ हाक मारून बोलावते. चौकड्याचे तर नावच नको. शेवटी जाड, बिनचमकीचे, गडद राखी सर्ज ठरले. मग बेत. कोटाचा घेर नेहमीपेक्षा दोन इंच जास्त, पण तो दोन्ही अंगांना सारखा. एकाच अंगाला सैल ठेवला तर चोरी तिथेच उघडी पडते. लांबी कमरेखाली चांगली वीतभर, म्हणजे हात वर केला तरी कड उचलली जाऊ नये. खिसा अस्तरावर बसवायचा नाही, कारण अस्तर फाटते. दुहेरी जिनाचा खिसा, तळाला चामड्याची चकती, आणि तो एका रुंद पट्टीने थेट खांद्याच्या शिवणीला टांगलेला. वजन कापडाने नव्हे, खांद्याने वाहायचे. शिवाय उजव्या बाजूला त्यांनी आणखी एक मजबूत खिसा दिला आणि ठेकेदाराला सांगितले, “किल्ल्यांचा जुडगा, तंबाखूची डबी आणि घड्याळ यापुढे इकडे. तराजूची दोन्ही पारडी सारखी हवीत.”

मग ते स्वतः तो कोट घालत, खिशात ते गाठोडे टाकत आणि दुकानापुढच्या फरशीवर येरझाऱ्या घालत. मी आणि आई पाठीमागून, बाजूने, बसून, उभे राहून पाहायचे आणि दिसले की सांगायचे. रिव्हॉल्व्हरचा फिरता भाग गोल, पोटासारखा पुढे येणारा. तो झाकण्यासाठी अण्णांनी पुढच्या भागात कॅनव्हासचा एक जास्त थर घातला. चालताना काही दिसेना. बसताना मात्र कोटाची डावी बाजू पुढे येई. त्यावर त्यांनी काढलेला उपाय शिंप्याचा नव्हता, गुरुजींचा होता: “शेठ, बसताना डावा हात मांडीवर ठेवत चला.”

एवढे करूनही एक गोष्ट अण्णांच्या हातात नव्हती. कुणाच्या घरी गेले की लोक कोट काढून खुंटीला लावतात. हा कोट खुंटीला लावला की भिंतीवर ‘टक्’ असा आवाज होई. तेव्हा कोट काढायचाच नाही, असे ठरले. पुढे वैशाखात, ब्रह्मगिरीच्या कातळातून वाफा निघत असताना, हा सद्गृहस्थ सर्जचा कोट घालून घाम पुशीत बसलेला दिसे आणि लोक विचारीत, “शेठची प्रकृती बरी नाही का?” हिवाळ्यात जे लपते ते उन्हाळ्यात आपोआप बोलू लागते. पावसाळ्याचा प्रश्नच नव्हता. आमच्याकडचा पाऊस कोटाला जुमानत नाही. ठाकर-कोळ्यांच्या घोंगडीखाली मात्र कोयता काय, कुऱ्हाड काय, सहज मावते आणि त्यासाठी शिंप्याला एक पैसा द्यावा लागत नाही.

आजोबा तेव्हा हयात होते. दुकानाच्या कोपऱ्यात बसून काज करणे एवढेच काम त्यांच्याकडे उरले होते. हा सगळा खटाटोप त्यांनी दोन दिवस मुकाट्याने पाहिला आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले, “थंडीत असला कोट कुणी पाहत नाही रे. नाशकात कुणी पाहिला?”

ते बोलत होते ते १९०९ सालाविषयी. त्या वर्षी ते चौदा वर्षांचे होते आणि नाशकात एका शिंप्याकडे शिकाऊ म्हणून राहिले होते. २१ डिसेंबरची रात्र. विजयानंद नाटकगृहात ‘शारदा’चा प्रयोग होता आणि बदली होऊन निघालेले कलेक्टर जॅक्सनसाहेब तो पाहायला आले होते. जॅक्सन संस्कृतचे जाणते. लोक त्यांना पंडित म्हणत. पण बाबाराव सावरकरांवरचा खटला त्यांच्याच कारकिर्दीत उभा राहिला होता आणि बाबारावांना त्याच वर्षी जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली होती. औरंगाबादेस चित्रकला शिकणारा अनंत लक्ष्मण कान्हेरे, वय सुमारे अठरा, त्या गर्दीत होता; कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे हेही होते, एकाचा नेम चुकला तर दुसऱ्याने पुढे व्हावे म्हणून. कान्हेरेने गोळ्या झाडल्या, जॅक्सन जागीच कोसळले. झडतीत कान्हेरेच्या अंगावर दुसरेही एक शस्त्र सापडले. तिघांना ठाण्याच्या तुरुंगात १९ एप्रिल १९१० रोजी फाशी दिले. हा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. पण शिंप्याच्या मुलाला त्यातून जे दिसते ते इतिहासकार लिहीत नाहीत. सारे प्रतिष्ठित नाशिक दिव्यांच्या उजेडात नटूनथटून बसले आहे. मुले, वकील, मामलेदार, अंमलदार. आणि तीन तरुण आपापल्या कपड्यांत ते वजन सांभाळीत खुर्च्यांच्या रांगांतून वाट काढीत आहेत. कुणाचा धक्का लागला असता तर? कुणी ओळखीच्याने गळामिठी मारली असती तर? डिसेंबरातले नाशिक गारठलेले असते. जाड कपडा कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. आजोबांचे म्हणणे इतकेच होते.

ती शस्त्रे मुळात या देशात आली तीही लपूनच. लंडनच्या इंडिया हाउसमधून सावरकरांनी वीस ब्राउनिंग पिस्तुले पाठविली ती चतुर्भुज अमीन या तिथल्या स्वयंपाक्याबरोबर, दुहेरी तळाच्या पेटीतून. पुढे खटल्यात तोच माफीचा साक्षीदार झाला. पेटीचा खोटा तळ म्हणजे तरी काय? लाकडाचा चोरखिसाच. आणि ब्राउनिंगचे पिस्तूल रिव्हॉल्व्हरसारखे पोटाळ नसते. बेल्जमच्या कारखान्यात १९००च्या सुमारास निघालेल्या त्या नमुन्यात गोळ्या मुठीत उभ्या भरलेल्या असतात, वर अडकणारा घोडा दिसत नाही, सारे चपटे. अण्णांना कॅनव्हासचा जो जादा थर घालावा लागला तो या पिस्तुलासाठी लागला नसता. बंदुका करणाराने इथे शिंप्याचा अर्धा उद्योग आधीच करून ठेवला होता.

आजोबा आणखी एक गोष्ट सांगत; तिचे खरेखोटे त्यांनाच ठाऊक. ते म्हणत, त्या डिसेंबरानंतर कित्येक महिने नाशकात कोटाच्या आत खिसा शिवून मागायला माणूस धजेना. पोलीस घरोघर फिरत होते. मास्तरांनी गिऱ्हाइकांच्या मापांची वही चुलीत घातली, आणि सबंध गावाची छाती-कंबर पुन्हा मोजण्याचे काम शिकाऊ पोराच्या वाट्याला आले.

मला पुढे वाचनाचा नाद लागला तेव्हा लक्षात आले की, शस्त्र लपविणे ही आपल्याकडची तशी अलीकडची चाल. पेशवाईतल्या सरदारांची चित्रे पाहा. शेल्यात कट्यार खोचलेली, मूठ बाहेर, आणि ती दिसावी म्हणूनच तर शेला इतका रुंद. लपविलेले शस्त्र ही अपवादाची गोष्ट होती, आणि तो अपवाद आपण विसरलो नाही. १० नोव्हेंबर १६५९ला प्रतापगडाच्या पायथ्याशी महाराज खानाच्या भेटीला गेले ते अंगरख्याखाली चिलखत आणि मंदिलाखाली लोखंडी टोप घालून. बखरकार बिचव्याची आणि वाघनखांची गोष्ट सांगतात. मिठी मारणाऱ्याचे वस्त्र हेच तिथे शस्त्रागार झाले. आपल्या भाषेने मात्र अस्तनी ध्यानात ठेवली ती निखाऱ्यासाठी, घरभेद्यासाठी. मग १८५७ आले. आमच्या त्र्यंबकचा खजिनाही त्या वर्षी ५ डिसेंबरच्या रात्री भिल्ल-ठाकरांनी लुटायला घेतला होता. आणि १८७८त हत्यारांचा कायदा झाला. कमरेचे शस्त्र परवान्यावाचून बाळगणे गुन्हा ठरले. शेल्यावरची कट्यार गेली. ज्यांना शस्त्र हवेच होते त्यांचे ते कपड्याच्या आत गेले, काठीतल्या गुप्तीत गेले. कायदे करणाऱ्यांच्या हे मनात नसेल, पण चोरखिशाला त्यांनी मोठाच धंदा मिळवून दिला.

पुण्यात २२ जुलै १९३१ रोजी फर्ग्युसन कॉलेजच्या ग्रंथालयात वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने हंगामी गव्हर्नर हॉटसन यांच्यावर रिव्हॉल्व्हर झाडले, तेव्हा गोळी हॉटसन यांच्या खिशातल्या पाकिटावर अडली आणि ते वाचले. म्हणजे शस्त्र लपले होते कपड्यात, आणि त्याला आडवा आला तोही कपड्यातलाच एक खिसा. हा प्रसंग अण्णांना मी वाचून दाखविला तेव्हा त्यांनी फक्त विचारले, “पाकीट डावीकडे होते की उजवीकडे?”

ठेकेदाराच्या कोटाविषयी अण्णांना अभिमान होता. दोन-तीन वर्षांनी एकदा रानातली काही माणसे बाजाराला आली असता आमच्या दुकानी बंड्या शिवायला बसली. त्यांतल्या एका म्हाताऱ्या कोळ्याला अण्णांनी सहज विचारले, “शेठ येतात का हो तिकडे?”

“येतात की,” म्हातारा म्हणाला. “डाव्या अंगाला हत्यार घेऊन येतात.”

अण्णांच्या हातातली सुई थांबली. “दिसतं?”

“दिसत न्हाई. पर शेठ घडोघडी कोपरानं चाचपतात. पोटात असलेल्या बाईचा हात जसा पुन्हा पुन्हा पोटावर जातो ना, तसं. आमी वळखून हाय.”

पंधरा दिवसांची मेहनत, सर्ज, जीन, कॅनव्हास, खांद्यावरची पट्टी, आणि कोपर! अण्णा त्या दिवशी फार बोलले नाहीत. संध्याकाळी आईला म्हणाले, “कापडाची चूक नव्हती.” एवढ्याने त्यांचे समाधान झाले असावे. मला मात्र त्या म्हाताऱ्याचे बोलणे वेगळ्याच कारणाने आठवत राहिले. ‘आमी वळखून हाय’ हे तो रागाने म्हणाला नव्हता. मजुरी घ्यायला ज्यांनी हात पुढे करायचा त्या सगळ्यांना, देणाऱ्याच्या डाव्या बगलेत काय आहे ते ठाऊक होते, आणि ठाऊक नसल्याचे तेही लपवीत होते.

त्यानंतर काही वर्षांनी ठेकेदाराचा मुलगा आला. तोवर ठेकेदारी जवळजवळ संपली होती आणि मुलाने ट्रका घेतल्या होत्या. बापाचा कोट त्याला जुनाट वाटे. त्याला टेरिकॉटच्या दोन बुशशर्टांना आतून खिसा हवा होता. अण्णांनी नेहमीप्रमाणे वजन विचारले आणि मग म्हणाले, “परवाना आणलाय का?”

“काका, परवाना कशाला? मी काय शिकार करायला चाललोय?” तो हसला. म्हणजे वस्तू बिनपरवान्याची होती.

अण्णांनी टेप गळ्यात परत घातली. आमच्या घरचे कोटांचे निम्मे काम त्या एका घरातून येत होते. दोन लग्ने व्हायची होती, तीत बारा तरी कोट. आतल्या खोलीतून आई ऐकत होती हे मला दिसत होते. अण्णांनी कायदा सांगितला नाही, पाप-पुण्य सांगितले नाही. ते म्हणाले, “बुशशर्टात हे वजन बसत नाही. वाऱ्याने कड उडते, वाकलास की पाठीवर उमटते. मला जमायचे नाही.”

“तुम्हांला जमत नाही असं काही आहे का, काका? बाबा तर—”

“तुझ्या बाबांनी आधी कागद ठेवला, मग वस्तू. तू कागद आण, मी सर्ज आणतो.”

तो गेला. त्या लग्नांचे कोट नाशकाहून शिवून आले. त्या दिवाळीला आम्हां भावंडांना नवे कपडे झाले ते दुकानातल्या उरलेल्या तुकड्यांचे; आईने ते इतक्या हौशीने जोडले की, शाळेत मुलांना ती नवी पद्धत वाटली.

आणि एका पावसाळ्याअखेर म्हातारा ठेकेदार स्वतः आला. कोट हातावर टाकलेला. बसला, पाणी प्याला. रिव्हॉल्व्हर पोलीस ठाण्यात जमा करून आलो, परवाना पुढे चालवायचा नाही, असे म्हणाला. मुलाविषयी तो काही बोलला नाही आणि अण्णांनीही विचारले नाही.

“मास्तर, तो खिसा उसवून द्या. उगाच लोंबतो.”

अण्णांनी चष्मा लावला आणि खांद्याच्या शिवणीपासून एकेक टाका सोडवायला घेतला. पट्टी निघाली, जिनाचा खिसा निघाला. त्याखालचे सर्ज इतक्या वर्षांत घामाने, उन्हाने न विटता जसेच्या तसे राहिले होते. तेवढाच एक गडद लांबट तुकडा कोटाच्या आतल्या अंगाला दिसत होता. खांद्यावर टाके काढल्याची भोके दिसत होती, ती त्यांनी इस्त्रीने बसवली. ठेकेदाराने कोट अंगावर चढवला आणि आरशापुढे उभा राहिला. इतकी वर्षे ओझ्याला सरावलेला त्याचा डावा खांदा आता उजव्याहून किंचित वर उचलला जात होता. अण्णांनी ते पाहिले, उजव्या खिशातला किल्ल्यांचा जुडगा काढून डाव्या खिशात टाकला आणि म्हणाले, “आठ दिवस असाच घाला.”

मजुरी त्यांनी घेतली नाही. जिनाचा तो खिसा मात्र टाकला नाही. मोठ्या कात्रीला म्यान म्हणून तो नेमका बसला.